मागच्या दाराने या

आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो,

तुम्हा सगळ्यांचं अभिनंदन. अभिनंदनाचं काम इथेच उरकलं असं समजा, कारण उरलेला वेळ मला तक्रारींसाठी लागणार आहे.

आज सकाळी हा झगा अंगावर चढवला आणि पहिली आठवण झाली ती आमच्या कपडेपटवाल्यांची. ते असते तर खांद्यात दोन टाके मारल्याशिवाय त्यांनी मला रंगमंचावर सोडलंच नसतं. तुमच्यापाशी आहे ती पदवी माझ्यापाशी नाही, हेही आधीच सांगून टाकते. एच.पी.टी. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, दौरा लागला, आणि परीक्षेचा पहिला पेपर होता त्या दिवशी मी अमळनेरला दुसऱ्या अंकाच्या एंट्रीची वाट बघत उभी होते. वडील सहा महिने बोलले नाहीत. आज ते असते तर हा झगा बघून हसले असते.

मी वाढले पंचवटीत. तेव्हाच्या नाशकात नाटककार रस्त्यावर भेटायचे. ‘नटसम्राट’ लिहिणारे तात्यासाहेब शिरवाडकर याच गावचे आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे वसंत कानेटकर आमच्याच कॉलेजात शिकवून गेलेले. त्यामुळे नाटक ही मुंबईहून येणारी वस्तू आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. पण नाटकाचं सामान मात्र मुंबईहूनच यायचं. टिळकपथावर १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय, त्याच्याच आवारात साईखेडकर नाट्यगृह. नाटक आलं की बाकीचे पुढे पोस्टर बघत, आम्ही दोघी मैत्रिणी मागे टेम्पो बघायला जायचो. राजवाडा तुकड्यातुकड्यांनी उतरायचा. शेवटी सिंहासन उतरलं की एक घामाघूम माणूस त्यावर बसून डबा उघडायचा आणि भाकरी खायचा. सिंहासनावर इतक्या हक्काने बसलेला माणूस मी नंतर एकाही ऐतिहासिक नाटकात पाहिला नाही.

पुढे राज्य नाट्य स्पर्धा झाली, एका व्यावसायिक संस्थेने बोलावलं आणि दौरे सुरू झाले. मुंबईहून निघालेली बस मला द्वारकेच्या चौकात घ्यायची. मग धुळं, जळगाव, कधी थेट नागपूर. परतीला मुंबईचे लोक झोपेतच कसारा घाट उतरायचे आणि मी पहाटे चारला त्याच चौकात, हातात मेकअपची पेटी घेऊन, रिक्षाशी घासाघीस करत उभी. बेचाळीस वर्षं हेच केलं. डॉ. श्रीराम लागूंनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ नाव दिलं. माल लादून गावोगाव फिरणारा तो लमाण. आमच्या धंद्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

आमच्या आधीच्या नाटक मंडळ्यांची गोष्ट निराळी होती. किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी गावात बिऱ्हाड करायच्या. आचारी बरोबर, मुक्काम लांबलचक, नाटकं बदलून बदलून. थिएटरच्या कुठल्या फळीखाली पोकळ आहे हे नटाच्या पायाला पाठ व्हायचं. आम्ही दुपारी पोचतो आणि रात्री बाराला निघतो. त्या आठ-दहा तासांत जागा आपलीशी करायची, खेळायचं, आणि सोडून जायचं.

आता एक दार सांगते. आमच्या एका नाटकाचं नेपथ्य म्हणजे जुना वाडा. त्याचं मुख्य दार चांगलं चार फूट रुंद, पितळी फुल्या मारलेलं. एका जिल्ह्याच्या गावी नवंकोरं नाट्यगृह झालं होतं. पुढे कारंजं, संगमरवर, झुंबर. मागे मात्र माल आत न्यायचं दार तीन फुटांचं, आणि त्याच्या आधी सात पायऱ्यांचा वळणदार जिना. दाराला दारातून आत जाता येईना. तिरकं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. शेवटी पाच वाजता नेपथ्यवाल्याने करवत काढली आणि वाड्याचं दार मधोमध चिरलं. आत नेऊन बिजागऱ्या मारल्या. पुढचे दोनशे प्रयोग ते दार तसंच दुमडून फिरलं. प्रेक्षकांना कधी कळलं नाही. मला मात्र ते उघडताना दर वेळी करवतीचा आवाज ऐकू यायचा.

हे गाऱ्हाणं म्हणून सांगते आहे, गंमत म्हणून नाही. नाट्यगृहाचं उद्घाटन पुढच्या दाराने होतं. नाटक मागच्या दाराने येतं. आणि नकाशा काढताना त्या मागच्या दाराने रोज येणाऱ्या एकाही माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

आपल्याकडे ‘मागच्या दाराने शिरणं’ ही शिवी आहे. आमची ती पायवाट आहे.

मुलींनो, आता जरा तुमच्याशी बोलते. नऊवारी नेसून, दागिने घालून, गंगावन बांधून साडेतीन तास उभं राहायचं आणि रंगपटातल्या स्वच्छतागृहाला कडी नाही, दिवा नाही, पाणी नाही. म्हणून आम्ही काय करायचो? पाणी प्यायचो नाही. दुपारी दोनपासून रात्री बारापर्यंत. मे महिन्यात, खानदेशात. त्यापायी मूत्रपिंडाची दुखणी आम्ही कित्येकींनी काढली. ‘अभिनयासाठी काय सोसलंत?’ असं मुलाखतीत विचारतात तेव्हा सगळ्यांना काहीतरी उदात्त उत्तर हवं असतं. माझं खरं उत्तर तहान हे आहे.

आणि तारखा! एकदा टेम्पो दाराशी लागलेला, प्लॅन जवळजवळ भरलेला, आणि दुपारी एक वाजता कळलं की संध्याकाळी तिथे सत्कार समारंभ आहे, नाटक रद्द. ठेकेदार तिकिटांचे पैसे परत करत बसला. आम्हाला नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळाली नाही, बॅकस्टेजच्या मुलांना भत्ता मिळाला नाही. गावाचं नाव घेत नाही. तिथे अजून प्रयोग लावायचे आहेत.

या समारंभांवरून आठवलं. ही वस्तू मी मुद्दाम बरोबर आणली आहे. मागच्यांना दिसणार नाही. जुन्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक आहे, त्याला सुतळी बांधलेली आहे. आमच्याबरोबर बॅकस्टेजला एक मामा होते. नाट्यगृहात पोचलं की सगळे चहाला जायचे आणि मामा हे चुंबक फरफटत डाव्या विंगेपासून उजव्या विंगेपर्यंत चालायचे, मग एक पाऊल पुढे सरकून परत, शेतात कुळव धरावा तसे. टक, टक आवाज यायचा. मंडपवाले, गालिचेवाले, स्नेहसंमेलनवाले जे ठोकून जातात ते उपटून नेत नाहीत. तिसऱ्या अंकात मी अनवाणी असायचे. एका गावी मामांनी माझ्या ओंजळीत सत्तावीस बारीक खिळे मोजून टाकले. सुतार त्यांना चुका म्हणतात. मामा म्हणाले, “बाई, या सगळ्या दुसऱ्यांच्या चुका. पाय मात्र आपला.”

नाटकाच्या जाहिरातीत मामांचं नाव कधी आलं नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलाने हे चुंबक मला आणून दिलं. तेव्हापासून ते माझ्या मेकअपच्या पेटीत असतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ सालचं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री. टीव्हीवर ज्वाळा बघताना मी घरात एकटी होते आणि मोठ्याने रडले. महाराष्ट्रभर लोक हळहळले, आणि ते योग्यच झालं. पण मी तुम्हाला सांगते, आगीत जळणारं नाट्यगृह सगळ्यांना दिसतं. तुटलेली कडी, गळका पाइप, निखळलेली फळी यांनी रोज थोडं थोडं मरणारं नाट्यगृह कुणाला दिसत नाही, कारण ते मागून मरतं.

तेव्हा माझं सांगणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार. मागून बघा. तुमच्यातले सगळे नट होणार नाहीत, आणि ते बरंच आहे. कुणी महापालिकेत लागेल, कुणी वास्तुविशारदाच्या हाताखाली, कुणी शिक्षक होईल, एखादी नगरसेविकाही होईल. कधीतरी तुमच्यासमोर नाट्यगृहाचा नकाशा किंवा दुरुस्तीचं बिल येईल. झुंबर किती दिव्यांचं, हे विचारू नका. माल उतरवायचं दार किती फुटांचं? तिथवर उतार आहे की पायऱ्या? बायकांच्या रंगपटात कडी आहे का, पाणी आहे का? हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. उत्तर कागदावर घेऊ नका, स्वतः जाऊन बघा. आणि जे नट होणार आहेत त्यांनी आपल्या मामांचं नाव जाहिरातीत घालायचा हट्ट धरा. मी धरला नाही. ती चूक माझी, ती कुठल्याच चुंबकाला चिकटणार नाही.

माझी वेळ संपली असं मागून खुणावताहेत. नाटकात असं खुणावणाऱ्याचं आम्ही मुकाट ऐकतो, तेव्हा थांबते. येत्या शनिवारी कालिदास कलामंदिरात आमचा प्रयोग आहे. तिकीट काढून आलात तर आनंद आहेच. पण खरं शिकायचं असेल तर आधी या, मागच्या दाराने या. टेम्पो साडेतीनला लागतो आणि सामान उतरवायला माणसं नेहमीच कमी असतात.