दार उघडत नाही तेव्हा



गेल्या आषाढातली गोष्ट. बेळगावात तीन दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले. त्यांना दवाखान्यात न्यावयाचे म्हणून मी किल्ली घेऊन गाडीकडे धावलो. गाडी तीस वर्षांची. किल्ली आत गेली, परंतु फिरेना. घाबरलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केले, सगळा जोर लावला. आणि किल्ली कुलपातच मोडली. शेजारच्या रिक्षावाल्याने वडिलांना वेळेवर पोहोचविले म्हणून निभावले. ते आता बरे आहेत.

दुसऱ्या दिवशी आलेल्या वृद्ध मेकॅनिकांनी कुलपाकडे पाहिलेदेखील नाही. त्यांनी मलाच विचारले, "काय साहेब, घरातली दुसरी किल्ली लावून बघितली होती काय?" दुसरी किल्ली कपाटात पडून होती, ती मला आठवलीही नव्हती. त्यांनी कुलपात थोडे पातळ तेल सोडले, नक्षीकामाच्या करवतीचे बारीक पाते दाते बाहेरच्या बाजूला वळतील असे आत सरकवून मोडका तुकडा ओढून काढला, आणि ती दुसरी किल्ली लावली. कुलूप मुकाट्याने फिरले.

असे का व्हावे? मोटारीच्या दाराच्या कुलपात एक नळकांडे असते आणि त्यात पितळेच्या पातळ चकत्या बारीक स्प्रिंगांवर बसविलेल्या असतात. किल्ली नसताना या चकत्या नळकांड्याबाहेर डोकावतात व ते फिरू देत नाहीत. योग्य किल्ली आत गेली की सगळ्या चकत्या एका पातळीत येतात आणि वाट मोकळी होते. रोज वापरून किल्लीचे दाते झिजतात. मग एखादी चकती केसभर बाहेर राहते, आणि तेवढा अडथळा पुरतो. पुष्कळ लोक नवी किल्ली करून घेताना हीच झिजलेली किल्ली कारागिराच्या हाती देतात. किल्ली नवी मिळते, झीज मात्र जुनीच राहते. नक्कल नेहमी कमी वापरलेल्या किल्लीवरून करून घ्यावी.

किल्लीच आत जात नसेल तर दोष बहुधा धुळीचा. तिथे घट्ट तेल ओतण्याचा मोह आवरावा; तेलावर धूळ बसते आणि सहा महिन्यांत त्याचा लगदा होतो. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी उत्तम. ती मिळेपर्यंत मऊ पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासून ती चार-सहा वेळा आतबाहेर केली तरी काम भागते.

किल्ली सैल फिरते आणि काहीच घडत नाही, असे झाले तर कुलूप निर्दोष समजावे. कुलपापासून दाराच्या कडेच्या खटक्यापर्यंत एक सळई जाते. तिच्या टोकाची लहानशी क्लिप निसटलेली किंवा तुटलेली असते. बाहेरच्या हँडलने दार उघडत नाही पण आतल्याने उघडते, किंवा उलट, तेव्हाही अशाच एखाद्या सळईवर संशय घ्यावा. मागचे दार फक्त आतून उघडत नसेल तर मात्र आधी दाराच्या कडेवरचा मुलांसाठीचा छोटा खटका पाहावा. तो चुकून खाली सरकलेला असतो, आणि त्यासाठी मेकॅनिकला बोलावणारी शहाणी माणसे मी पाहिली आहेत.

आणि कोणतेच हँडल चालेनासे झाले तर? एकाने बाहेरून दार तळहाताने आत दाबून धरावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने आतून हँडल ओढावे. बिजागऱ्या झिजून दार खाली आले की त्याचा भार खटक्यावर पडतो. दाबल्याने तो हलका होतो आणि खटका बहुधा सुटतो. अशी सुटका झाली म्हणून दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. आतून न उघडणारे दार अपघातात जिवावर बेतते, आणि उन्हात बंद गाडीत अडकलेल्या मुलाच्या बाबतीत तर काही मिनिटांचाच प्रश्न असतो.

आता आपल्याकडच्या पावसाविषयी. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतेच. ते बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोके ठेवलेली असतात. बेळगाव असो की गोवा, तांबडा चिखल ती भोके बुजवितो. पाणी आत साचते आणि खटका व सळया गंजतात. पावसाळ्याच्या आधी आणि मध्ये एकदा ही भोके काडीने मोकळी करावीत. खर्च शून्य. आमच्या दारातून त्या दिवशी ओंजळभर गाळ निघाला, त्यात एक चार आण्याचे नाणेही होते.

दार उघडावयाचेच झाले तर काच फिरविण्याचे हँडल व हाताच्या टेकणीचे स्क्रू काढून आतले अस्तर सोडवितात. अस्तरामागचा प्लॅस्टिकचा पडदा फाडून टाकू नये. पाणी तोच अडवितो. खटक्यावरचे वाळून गोंद झालेले जुने ग्रीस रॉकेलच्या ब्रशाने धुवावे, पुसून कोरडे करावे आणि नवे ग्रीस बेताने लावावे.

एवढे झाल्यावर उत्साहाने दार आपटून बंद करू नका! दार उघडेच ठेवून खटका स्क्रू-ड्रायव्हरने दाबून मिटवा. मग बाहेरच्या व आतल्या हँडलने तो सुटतो की नाही, आणि किल्लीने कुलूप लागते व उघडते की नाही हे पाहा. आमच्या मेकॅनिकांनी हे सलग पाच वेळा केले, आणि सहाव्या वेळी दार लावावयास मला सांगितले.