शिकून आलेल्या हातांना काम
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)





शताब्दीनिमित्त बोलायचे विषय वाटले गेले तेव्हा आम्ही तुरुंगाचा विषय मागून घेतला. काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. दिंडीच्या सोहळ्यात जेल कशाला? पण सातारा-सांगलीच्या मुलखातलं एक गाव दाखवा, की जिथलं कुणीच कधी आत गेलं नाही. बांधावरनं भांडण होतं, पाण्याच्या पाळीवरनं कुऱ्हाड उचलली जाते, दारूच्या भरात नको ते होऊन बसतं. माणूस आत जातो आणि घर मागं राहतं. त्याची कारभारीण आपल्याच दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालते. लोणंदला, तरडगावला, फलटणला ती आपल्या पंगतीला जेवते. आणि तिचा मालक कधी सुटणार, सुटल्यावर काय करणार, हे कुणी तिला विचारत नाही.

आज त्याच्याविषयी बोलायचंय. तो आत काय शिकतो आणि शिकून आल्यावर त्याचं काय होतं, एवढंच.

तुरुंगात शिक्षण ही गोष्ट नवी नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन केलं, साने गुरुजींनी ते टिपून घेतलं, आणि ते पुस्तक आज घरोघरी आहे. त्याच साली आपल्या देवराष्ट्रे-कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण कोवळ्या वयात येरवड्यात होते. तिथं आचार्य भागवतांच्या हाताखाली त्यांना वाचनाची जी गोडी लागली ती जन्मभर पुरली. पुढं त्यांच्याच नावानं 1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं, आणि त्या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं मोठ्या कारागृहांतनं चालतात. ज्यानं कोठडीत पुस्तक वाचलं, त्याच्या नावाचं विद्यापीठ कोठडीत गेलं. आम्हाला तर याचं फार अप्रूप वाटतं.

तरी एक बघा. ती माणसं देशासाठी आत गेली होती. बाहेर आल्यावर त्यांच्या गळ्यात हार पडले. ज्याच्या गळ्यात हार पडणार नाही, असा माणूस आम्हाला आज दिसतो.

त्याच्यासाठी आत काय आहे? मोठ्या कारागृहांत कारखाने आहेत. सुतारकाम, विणकाम, शिलाई, लोहारकाम, बेकरी, शेती आहेच. येरवड्यात बनलेलं लाकडी सामान सरकारी कचेऱ्यांत वापरलं जातं. कोल्हापूरच्या कळंबा जेलातल्या हातांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळलेत. आपल्यापैकी कितीकांनी तो प्रसाद डोळ्याला लावून खाल्ला असेल! कुणाच्या हातचा, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. 2022 मध्ये राज्य सहकारी बँकेनं येरवड्यातल्या बंदींसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना काढली. 7 टक्के व्याजानं 50 हजारांपर्यंत कर्ज, आणि फेड आतल्या मजुरीतनं. घरच्या अडचणीला, वकिलाच्या फीला ते पैसे लागतात. म्हणजे आतला माणूसही कमावता असतो, आणि बँकेला तो पतीचा वाटतो.

पण हे सगळं मुख्यतः शिक्षा लागलेल्यांसाठी, ज्यांना सिद्धदोष म्हणतात त्यांच्यासाठी. देशातल्या तुरुंगांत चारातले सुमारे तीन जण न्यायाधीन असतात. खटला चालू, निकाल नाही. सातारा आणि सांगलीची जिल्हा कारागृहं बहुतेक अशाच माणसांची. आज आहे, उद्या जामिनावर गेला. नाहीतर तीन वर्षं झाली तरी तारखेवर तारीख. त्याला वर्षाचा कोर्स कसा लावायचा? मास्तर अर्ध्यात आला की पोरगा सुटलेला असतो. म्हणून आमचं मत असं, की जिल्ह्याच्या जेलात लांबलचक शिक्षणापेक्षा महिन्या-दीड महिन्यात पुरे होणारं काम शिकवावं. मोटार भरणं, पंप दुरुस्ती, ठिबकची जोडणी, नळकाम, शिलाई. आणि ज्याला सही येत नाही त्याला सहीच्या पुढं न्यावं, चार ओळी वाचता येईपर्यंत. आपल्यावरचं आरोपपत्र स्वतः वाचता येणं ही काय लहान गोष्ट आहे?

आणखी एक. आत शिकलेल्याच्या प्रमाणपत्रावर कारागृहाचं नाव नसावं. आयटीआयचं असावं, विद्यापीठाचं असावं. वर जेलाचा शिक्का असलेला कागद तो कुणापुढं धरणार? तो कागद ट्रंकेतच राहणार.

आता आपल्या मुलखातली गोष्ट. खरं तर तिच्यासाठीच हा विषय घेतला.

आपल्या सातारा जिल्ह्यातलं औंध ही पूर्वी संस्थानाची राजधानी. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब. सूर्यनमस्काराचे राजे म्हणून लोक त्यांना ओळखतात. चित्रं काढायचे, कीर्तनही करायचे. 1939 साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्यांच्याकडं मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर आले होते. भगवी वस्त्रं घेऊन ते भारतानंद झाले होते. पुढं मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची वचनं इंग्रजीत जगापुढं नेली ती यांनीच. या गृहस्थांनी राजाला गळ घातली, की तुमच्या तुरुंगातली माणसं माझ्याकडं द्या. भिंत नको, बेडी नको, जमीन द्या. राजानं दिली. आटपाडीजवळच्या माळावर वसाहत उभी राहिली, नाव ठेवलं स्वतंत्रपूर. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आज सांगली जिल्ह्यात आहे.

विचार करा, आटपाडीचा माळ! पाऊस नाही, पाणी नाही, कुसळं आणि दगड. तिथं खून करून आलेल्या माणसांना बायकापोरांसकट राहायला जागा दिली, आणि सांगितलं, राबा आणि खा. पळून जायला सगळा माळ मोकळा होता. या हकिकतीवरनं आपल्याच माडगुळ्याच्या गदिमांनी कथा लिहिली आणि 1957 साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. पण त्यामागची वसाहत अजून चालू आहे, हे आपल्याच तालुक्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. संस्थान 1948 साली विलीन झालं, वसाहत राहिली. दुसऱ्या कारागृहांत चांगली वागणूक दाखवलेले, शिक्षेचा बराचसा भाग भोगलेले बंदी इथं पाठवतात. घरं मोजकीच. बंदी शेती करतो, पोरं शाळेत जातात, संध्याकाळी हजेरी होते. बस्स.

या वसाहतीचं मर्म आम्हाला असं दिसतं. माणूस सुटल्यावर जे करणार, तेच तो इथं करतो. आत खुर्च्या विणायला शिकला आणि गावात विणकामाला गिऱ्हाईकच नाही, असं इथं होत नाही. नांगर इथंही, नांगर तिथंही. त्याहून मोठं म्हणजे घर मोडत नाही. दहा-बारा वर्षांनी बाप परका होऊन येतो आणि पोरगं त्याला ‘अहो’ म्हणतं, ही वेळ इथं येत नाही. शिक्षणाच्या योजना करणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट धरली तरी पुष्कळ होईल. नुसतं हात शिकवून भागत नाही, ज्या ओसरीवर ते हात परत जाणार ती शाबूत राहिली पाहिजे.

याच बाळासाहेबांनी 1910 साली कुंडलचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला. तिथं निवडुंग आणि सापांचं राज्य होतं. लक्ष्मणरावांनी त्या किर्लोस्करवाडीत रात्रीच्या पहाऱ्यावर कुणाला ठेवलं? शिक्षा भोगून आलेल्या माणसांना. कारखान्याच्या किल्ल्या चोरीसाठी बदनाम झालेल्या माणसाच्या कमरेला! लोकांनी तेव्हा काय म्हटलं असेल ते सांगायला नको. पण कारखाना वाढला, गाव वसलं.

म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांत हे दोनदा झालंय. एकदा राजानं केलं, एकदा कारखानदारानं. वारकऱ्यांनी अजून करायचंय.

कुणी म्हणेल, आपला काय संबंध? आपण नाम घेणारी माणसं. बरं, मग आपले संत बघा. गोरोबा चाकावर, सावतोबा मळ्यात, नरहरी महाराज सोनाराच्या भट्टीवर, सेना महाराज धोपटी घेऊन. धंदा सोडून या, असं पांडुरंगानं कुणालाच सांगितलं नाही. आपल्याकडं हातातलं काम ही भक्तीच्या आडची गोष्ट नव्हे. आणि माळ घालताना महाराज काय विचारतात? दारू सोडशील का, एकादशी धरशील का, वारी करशील का. सगळं पुढचं. मागं काय केलंस, असा सवाल माळेच्या वेळी नसतो. कीर्तनात वाल्या कोळ्याची कथा आली की आपण माना डोलावतो. पण तो वाल्मीकी झालेला आपल्याला आधीच ठाऊक असतो, म्हणून. वेशीवर उभा असलेला वाल्या नुसता वाल्याच दिसतो.

आता अवघड बोलतो. ज्याच्या घरातला माणूस गेला, ते घरही याच गावात असतं, कदाचित याच मंडपात बसलंय. त्या माऊलीला आम्ही क्षमा कर म्हणणार नाही. तो अधिकार आमचा नाही, कुणाचाच नाही. सुटून आलेल्याला त्याच आळीत, त्याच पारावर आणून बसवा असंही आमचं म्हणणं नाही. काम दुसऱ्या गावात देता येतं. त्यासाठी दिंडीसारखी सोयीची जागा नाही, कारण दिंडी कुठल्याच एका गावाची नसते; तिच्यात पंधरा-वीस गावांची माणसं असतात. वाळवा तालुक्यातल्याला खटावात काम, माणातल्याला तासगावात. दर मुक्कामाला ओळख, दर गावात एक शब्द टाकणारा.

कामं तर आपल्यातच पडलीत. दरवर्षी राहुट्या फाटतात आणि आपण शहरातनं शिवून आणतो. पताका, विण्याच्या गवसण्या, पखवाजाच्या खोळी, ट्रकची ताडपत्री. पंगतीला आचाऱ्याच्या हाताखाली माणूस लागतो. आत शिलाई शिकलेला, बेकरीत राबलेला माणूस या कामाला चालणार नाही का? काहींना शंका आहे, सामानाची, बायाबापड्यांची. शंका रास्त आहे. म्हणून पहिल्या वर्षी काम गावात बसून द्यावं, चालायला लगेच घेऊ नये. आधी त्याचं काम बघावं, ते पटलं तर मग वारी. आणि नेहमीची मजुरी द्यावी. ‘दिंडीची सेवा’ म्हणून फुकट राबवून घेऊ नये, तेवढं पथ्य पाळा.

तेव्हा मागणं असं. येत्या आषाढीच्या राहुट्यांची शिलाई या वर्षी बाहेर देऊ नये. कारागृहातनं शिलाई शिकून सुटलेला एक माणूस आम्ही शोधतो. त्याच्या घरच्यांशी आणि पोलीस पाटलांशी बोलून घेतो. शताब्दीच्या वर्गणीतनं दोन शिलाई मशीन घ्यावीत. वद्य एकादशीला भजन झाल्यावर कमिटीची बैठक आहे. मशीन कुणाच्या ओसरीवर ठेवायची, कापड कुठनं आणायचं आणि एका राहुटीला मजुरी किती, हे तिथं ठरवू. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही त्या रात्री थांबावं, जेवण दिंडीकडं आहे.

राम कृष्ण हरी.