आधी समूह की आधी व्यक्ती?

जपान आणि अमेरिका हे दोन्ही संपन्न, लोकशाही देश आहेत.
पण रोजच्या वागण्यात एक फरक जाणवतो.
जपानमध्ये आधी समूहाचा विचार होतो.
अमेरिकेत आधी व्यक्तीचा.

हा फरक शाळेपासूनच दिसतो.
जपानी शाळेत मुलं स्वतः वर्ग झाडतात, पुसतात.
प्राथमिक शाळेत दुपारचं जेवणही मुलंच पाळीपाळीने वाढतात.
अमेरिकन शाळेत सफाईसाठी सहसा वेगळे कर्मचारी असतात.
तिथे लहान मुलं घरची आवडती वस्तू आणतात,
आणि वर्गासमोर उभं राहून तिच्याविषयी बोलतात.
आपलं मत मांडायचं, हे तिथे लवकर शिकवलं जातं.

आता प्रवास.
टोकियोच्या लोकल गाडीत फोनवर बोलणं असभ्य मानलं जातं.
इतरांना त्रास नको, हा त्यामागचा विचार.
अमेरिकेत मात्र रांगेतल्या अनोळखी माणसाशीही सहज गप्पा होतात.

रेस्टॉरंटमध्ये जपानी लोक टिप देत नाहीत.
चांगली सेवा हा कामाचाच भाग समजला जातो.
अमेरिकेत बिलाच्या साधारण 15 ते 20 टक्के टिप देतात.
वेटरची बरीचशी कमाई त्यातूनच होते.

कार्यालयातही तेच.
जपानमध्ये बैठकीआधीच सगळ्यांची संमती मिळवण्याकडे कल असतो.
अमेरिकेत भर बैठकीत वाद घातला, तरी तो सहसा गैर मानत नाहीत.

अर्थात, प्रत्येक जपानी किंवा अमेरिकन माणूस असाच वागतो, असं नाही.
पण कल स्पष्ट आहे.
जपानमध्ये आधी समूह, अमेरिकेत आधी व्यक्ती.
दोन्ही रीतींचे फायदे आहेत, आणि तोटेही.