न्हाणीघरातला पंखा आणि आमचा टेस्टर

न्हाणीघराच्या भिंतींना ओल, छताला काळी बुरशी, म्हणून गटातल्या आम्ही तिघींनी एक्झॉस्ट फॅन बसवून घेतले. लहान पंखा ३०-४० वॅटचा, दिव्याच्या लाइनवर सहज चालतो. (गिझर मात्र तिथं नको, त्याला वेगळी जाड वायर लागते.) दोन्ही एकाच बटणावर घेतले, की दिव्याबरोबर पंखाही फिरतो.

एकीच्या घरी बटण बंद करून जाळी पुसायला गेलो. आधी वायरीला टेस्टर लावला, तर तो पेटला! बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलं होतं. पंखा थांबलेला, पण करंट तिथवर आलेलाच. ओला हात लागला असता तर? वायरमन म्हणाला, "ताई, तुम्हाला काय कळतंय यातलं?" आम्ही टेस्टर त्याच्याच हातात दिला. मुकाट्यानं त्यानं जोडणी बदलली.

आता परवाना असलेलाच वायरमन बोलावतो आणि शेजारी उभ्या राहतो. मेन स्विच बंद केला का? बटण फेजवर, न्हाणीघराच्या बाहेर आहे का? अर्थिंगची हिरवी वायर जोडली का? करंट गळला की लाइट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घेतलाय. जाळी पुसताना मात्र अजूनही मेन स्विचच बंद करतो.