चिखलात रुतलेलं लायसँडर

लायसँडर हे ब्रिटिशांचं हलकं विमान मुळात लष्करी टेहळणीसाठी बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धात ते चांदण्या रात्री जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या शेतांत गुपचूप उतरायचं. धावपट्टीची खूण काय, तर जमिनीवर लावलेल्या तीन बॅटऱ्या! नोव्हेंबर १९४३मध्ये वैमानिक रॉबिन हूपर यांचं विमान असंच उतरलं आणि चिखलात रुतलं. गावकऱ्यांनी बैल जुंपून पाहिले, पण चाकं काही हलेनात. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून हूपर यांनी स्वतःच विमान पेटवलं. पुढे महिनाभर स्थानिक लोकांनी त्यांना लपवून ठेवलं. जिवावरचाच खेळ होता तो. मला तर वैमानिकाइतकंच त्या गावकऱ्यांचंही धाडस मोठं वाटतं. डिसेंबरात दुसरं लायसँडर येऊन हूपर यांना इंग्लंडला घेऊन गेलं. युद्धाआधीच परराष्ट्र सेवेत असलेले हूपर पुढे ग्रीसमध्ये ब्रिटनचे राजदूत झाले.