जुन्या मोटारीचा खरा प्रवास

जुनी मोटार घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाची दृष्टी प्रथम अंतरमापकाकडे जाते. परंतु तेथील आकडा ही एका साक्षीदाराची जबानी होय, निकाल नव्हे.

कल्याण ते ठाणे हे अंतर लोहमार्गाने सुमारे २० किलोमीटर आहे. रस्त्यानेही तितकेच धरले, तर जाऊन-येऊन ४० होतात. वर्षाकाठी ३०० दिवस हा प्रवास घडल्यास १२,००० आणि दहा वर्षांत १,२०,००० किलोमीटर भरतात. परंतु कित्येक जुन्या मापकांत पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर ते शून्यावर येतात आणि मापक २०,००० दाखवितो. यात कोणाचीही लबाडी नसते.

उलटपक्षी, डोंबिवलीचा मालक नित्य आगगाडीने कचेरीस जात असेल आणि मोटार केवळ सणासुदीस बाहेर निघत असेल, तर तेच २०,००० अक्षरशः खरे असतील.

मग निवाडा कसा करावा? पायाखालच्या पट्ट्यांचे रबर गुळगुळीत झाले आहे काय, बैठक खचली आहे काय, हे पाहावे. दुरुस्तीच्या पावत्यांवर बहुधा किलोमीटर नोंदलेले असतात. ते तारखेच्या क्रमाने मांडावेत. नव्वद हजारांनंतर पाच हजार आले, तर चक्र पूर्ण झाले असे समजावे. साठ हजारांनंतर तीस हजार आले, तर मापक बदलला आहे अथवा आकडा मागे फिरविला आहे.

लपलेल्या लाख किलोमीटरांची किंमत केवळ पैशांत नसते. झिजलेल्या ब्रेकांनिशी घाट उतरणाऱ्या कुटुंबाच्या जिवाशी तिची गाठ असते. म्हणून आकडा, कागद आणि गाडीचे अंग ही तिन्ही एकच हकीकत सांगतील, तेव्हाच व्यवहार करावा.