वजन उतरलं, आता पुढे काय?

वजन कमी कसं करायचं, हे सांगणारे ढीगभर लोक आहेत. म्हणून आज मी बोलणार आहे त्याच्या पुढच्या भागावर. उतरलेलं वजन टिकवायचं कसं?

आधीच सांगतो, मी कोड लिहून पोट भरतो, डॉक्टर नाही. माझं वजन ९४ वरून ७८ किलोवर आलं, त्याला तीन वर्षं झाली. उतरवायला अकरा महिने लागले. टिकवणं अजून चालू आहे. आमच्याकडे प्रोजेक्ट लाइव्ह गेलं की सपोर्ट सुरू होतो, आणि सपोर्टचं कौतुक कुणी करत नाही. तसंच हे. वजन उतरत होतं तेव्हा प्रत्येक जण विचारायचा, "काय करतोस रे?" आता काटा तिथल्या तिथे आहे, तर कोण कशाला विचारेल!

पण शरीर आतून स्वस्थ बसलेलं नसतं. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला. वजन उतरलं. वर्षभराने तपासलं, तर भूक लावणारं घ्रेलिन अजून चढलेलंच आणि मेंदूला 'साठा पुरेसा आहे' सांगणारं लेप्टिन अजून उतरलेलंच. अमेरिकेतले केविन हॉल यांचा अंदाज असा, की उतरलेल्या दर किलोमागे शरीर रोज २०-३० कॅलरी कमी जाळतं, आणि भूक मात्र साधारण १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरले, तर रोज ५०० कॅलरींची जादा भूक!

हे का सांगतोय? माझ्या मावशीने गुडघ्यांसाठी बारा किलो कमी केले होते. दोन वर्षांत ते परत आले. एका लग्नात कुणीतरी तिला म्हणालं, "जिभेवर ताबा नको का?" त्यानंतर ती वजनासाठी डॉक्टरकडे जायलाच तयार होईना. गुडघे दुखतात, तरी नाही. लाजेने एवढं नुकसान होतं.

मग उपाय काय? २००६ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन उतरवलेल्या ३१४ लोकांना तीन गटांत विभागलं. एका गटाला फक्त माहितीपत्रकं. बाकी दोघांना रोज वजन करायला आणि हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे पाळायला शिकवलं. साधारण दीड किलो वाढलं की पिवळा, सव्वादोन किलो वाढलं की लाल. लाल आलं की पुन्हा वजन उतरवायच्या शिस्तीला लागायचं. अठरा महिन्यांत पत्रकवाल्यांपैकी ७२ टक्के लोक लाल पट्ट्यात गेले. समोरासमोर बसून शिकलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं.

माझा डॅशबोर्ड हाच. सकाळी वजन, पण बघायची आठवड्याची सरासरी, कारण रात्री मिसळ खाल्ली की मिठाने पाणी धरून काटा उगाच वर जातो. दिवाळीत चकली खातोच, फराळाला नाही म्हणायचं नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत काटा हिरव्यात आणायचा, एवढंच ठरलेलं. रोज तासभर चालणं, कधी टेकडी, कधी फोनवरची मीटिंग चालता चालता. आणि डब्यात आधी उसळ, कोशिंबीर, पोळ्या त्यानंतर.

काट्याने ज्यांच्या मनाला त्रास होतो, त्यांनी रोज वजन करू नका, कंबरेचा पट्टाही सांगतो. आणि वजन परत आलंच, तर डॉक्टरकडे परत जा. रक्तदाब परत वाढला तर आपण गोळीसाठी लाजतो का? मग इथे का लाजायचं?

तुमचा पिवळा पट्टा किती किलोवर आहे, ते आज लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!